श्वासनलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर रेडिएशन घ्यायलाच हवं का? वडिलांचा आवाज जाईल का?

घ्यायला हवं. कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या असं तुम्हीच लिहिलंय, मग कसला विचार करताय?

माझाही हाच, श्वासनलिकेचा कॅन्सर, अ‍ॅडेनॉइड सिस्टिक नावाचा सावकाश वाढणारा प्रकार. दीड वर्ष दम्याचा पंप ओढला. छातीचा एक्सरे स्वच्छ, म्हणजे दमाच, असा सगळा हिशोब. श्वास सोडताना नाही, आत घेताना शिट्टी वाजते, हे मी दर खेपेला सांगत होतो. शेवटी दुर्बीण घातली तेव्हा वरच्या भागात जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती.

नळी पुरती दहा-बारा सेंटिमीटरची. त्यातला तुकडा काढून टोकं जोडतात. जोडावर ताण नको म्हणून माझी हनुवटी टाके घालून छातीला बांधून ठेवली होती, आठवडाभर. दादा भेटायला आला, म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा मान खाली घालून ऐकतोयस." आणि त्याच दमात, "गाठ निघाली ना? मग लाईट कशाला घ्यायची?" (रेडिएशनला तो लाईट म्हणतो.) मान वर करता येत नव्हती, त्यामुळे भांडण तेव्हा राहूनच गेलं.

आता सांगतो. हा आजार गाठीपुरता नसतो. अस्तराखालून, मज्जातंतू धरून सरकतो, डोळ्याला दिसतं त्याच्या पुढेपर्यंत. सर्जन कापतच गेला तर जोडायला नळी उरायची नाही. कडा स्वच्छ न येणं ही दर वेळी त्याची चूक नसते (दादा, हे दोनदा वाच). उरलंय त्यासाठी रेडिएशन. केमोला हा फारसा दाद देत नाही.

जोड भरल्यावर माझे ३० दिवस झाले. रोज २ ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), एकूण ६०, शनिवार-रविवार सुट्टी. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर आणि खांद्यांवर बसवतात, ती गार होता होता आवळते. रोज कपाळावर जाळीची नक्षी घेऊन घरी यायचो. मशीनखाली काही दुखत नाही. दुखतं ते तिसऱ्या आठवड्यापासून, कारण अन्ननलिका अगदी पाठीला पाठ लावून असते. थुंकी गिळायची तरी मनाची तयारी करावी लागे. दादाचं "बघ, म्हटलं नव्हतं?" सुरू. संपल्यावर महिन्याभरात घसा ताळ्यावर आला.

आवाज? माझा आहे, जरा बसका. गाठ स्वरयंत्राच्या किती जवळ होती ते विचारा.

हां, वडिलांनी पूर्वी मानेला किंवा छातीला किरण घेतले असतील तर गणित वेगळं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सोसेल तेवढंच देता येतं. आणि रेडिएशन आवरतं ते जागेवरचं. हा दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात निघू शकतो, तेव्हा तपासण्या चुकवू नका.

माझं नववं वर्ष. दादा म्हणतो, लाईट नसती घेतली तरी एवढी वर्षं निघालीच असती. आजारच इतका सावकाश चालतो की त्याला खोटं पाडायची सोय नाही. पुढच्या महिन्यात सीटी आहे, सोबत तोच येतोय.