चमचे मोजायची तयारी आहे ना?

नाशिकच्या सरकारी रुग्णालयात मनोरुग्ण वॉर्डात चार वर्षं काढलीस, आता इंग्लंडला फॉरेन्सिकमध्ये, म्हणजे गुन्ह्यातल्या मनोरुग्णांच्या वॉर्डात, यावं का, आणि आरोपी खरंच आजारी आहे की सोंग करतोय हे नर्सनं ठरवायचं असतं का, असं विचारलंस. मीही एकेकाळी नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर बस धरून ड्युटीला जाणारी, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते.

आपण ठरवायचं नसतं. तो निर्णय कोर्टाचा, डॉक्टरांच्या अहवालावरून. इथल्या 1983 च्या मेंटल हेल्थ ॲक्टच्या कलम 35 खाली आरोपीला तपासणीसाठी रुग्णालयात ठेवता येतं, एका वेळी 28 दिवस, सगळे मिळून फार तर 12 आठवडे. डॉक्टर येऊन भेटून जातात, बाकीचा दिवस-रात्र तो आपल्यासमोर. झोपतो का, एकटाच कुणाशी बोलतो का, वकिलाचा फोन आला की एकदम सावरतो का, हे आपणच बघायचं आणि लिहायचं.

माझी पहिली नोंद होती, 'पेशंट आक्रमक.' इन्चार्जनं परत दिली. म्हणाली, तुला दिसलं काय? मग लिहिलं, 'दारावर दोनदा मूठ मारली, पाणी नाकारलं, दहा मिनिटांनी येऊन माफी मागितली.' ती माफी पहिल्या नोंदीत कुठेच नव्हती! 'पेशंट शांत' लिहून शिफ्ट उरकायची आपली सवय तिकडेच ठेवून ये.

एचसीआर-20 शिकवतील, म्हणजे पेशंट हिंसा करेल का याचा धोका जोखायची पद्धत. वीस मुद्दे: 10 मागच्या आयुष्याचे, 5 आजच्या अवस्थेचे, 5 पुढच्या धोक्याचे. मार्कांची बेरीज नाही, टीम बसून विचार करते.

तिकडे कैदी पेशंटच्या खाटेशी हवालदार असतो. आमच्या वॉर्डात पोलीस नाही, किल्ल्या आपल्याच कमरेला. जेवणानंतर चमचे मोजायचे. एकदा माझ्या हिशेबात एक कमी भरला, चाळीस मिनिटं जेवणघरातून कुणाला हलू दिलं नाही. चमचा माझ्याच ट्रेखाली! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कागदपत्रांचं एकच नीट ऐक. एनएमसीकडे, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलकडे, अर्ज करताना मेंटल हेल्थ ही शाखा घे, तिची ओस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, वेगळी असते. 'आधी ॲडल्ट नर्सिंगमधून जा, मग बदलू' असं एजंट म्हणाला तर भुलू नकोस, नंतर शाखा बदलायला पुन्हा शिकावं लागतं. आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला लेखनात 6.5 चालतात, बाकी तिन्हींत 7 हवेत.

आजच्या नाइटला एकाच पेशंटची नोंद 'शांत', 'आक्रमक' हे शब्द न वापरता लिहून बघ आणि मला पाठव. नाव-गाव तेवढं गाळ.