पाइप सांभाळा, मग ऊन शोधा

प्रश्न : ताई, आम्ही दोघं मिनेसोटात राहतो. यंदा निवृत्त झालो आणि एक वापरलेली मोटरहोम (आत राहता येतं अशी गाडी, म्हणजे आरव्ही) घेतली. दिवाळी घरी करून नोव्हेंबरात ॲरिझोनाला जायचं आणि एप्रिलच्या मध्याला परतायचं, असा बेत आहे. पण फीनिक्सकडची बरी आरव्ही पार्क आत्ताच भरली आहेत. मुलगी म्हणते, पुढच्या वर्षी बघा. जागा हातात नसताना निघावं का? आणि वाटेतल्या थंडीचं काय?

उत्तर : निघा. मुलीचं म्हणणं वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागांपुरतं खरं आहे. तिथले लोक वसंतात परतताना पुढच्या हिवाळ्याची जागा धरूनच जातात.

तुम्ही क्वार्ट्झसाइटला जा. आय-10 आणि यूएस-95 हे महामार्ग जिथे मिळतात तिथलं हे अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. त्याच्या दक्षिणेला ला पोसा नावाचं वाळवंट आहे, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याचं. या खात्याच्या इतर मोकळ्या जमिनीवर साधारण 14 दिवसांनी मुक्काम हलवावा लागतो. इथे मात्र एका परवान्यावर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल राहता येतं, आणि आगाऊ बुकिंग हा प्रकारच नाही. परवाना घ्यायचा, शेजारच्या गाडीपासून 15 फूट सोडून आपली लावायची. वीज नाही, म्हणून सोलर पॅनल हवेतच. पाणी भरायला आणि मैल्याची टाकी रिकामी करायला ला पोसाच्याच दक्षिण भागात, ला पोसा साउथला, गाडी न्यावी लागते. पाणी बेताने वापरलं तर दोघांना ते मुळीच जड जात नाही. जानेवारीच्या उत्तरार्धात गावात आरव्हींचं मोठं प्रदर्शन भरतं, रत्नांच्या खड्यांचे बाजारही त्याच सुमारास. ती गर्दी नको असेल तर तेवढे दिवस युमाजवळ इम्पीरियल डॅमला राहा; तोच परवाना चालतो.

थंडीचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. हिवाळ्यात आरव्ही घेऊन निघणारा हा सगळा लोंढा उन्हाच्या ओढीने दक्षिणेला जातो असं म्हणतात. मी इतके हिवाळे या रस्त्यांवर काढले आहेत आणि माझं ठाम मत आहे की निघण्याची तारीख पाइप ठरवतात. मोटरहोमचे पाइप बारीक आणि भिंती पातळ. रात्री पारा शून्याच्या बराच खाली राहिला की आतलं पाणी गोठतं, फुगतं आणि जोड फुटतात. उत्तरेकडची बरीच कॅम्पग्राउंड ऑक्टोबरात नळ बंद करतात ती याचसाठी. दुपारचं ऊन बघून फसू नका, रात्रीचा आकडा बघा.

नोव्हेंबरात तुमच्याकडे तो आकडा शून्याखालीच असणार. तेव्हा घरीच टाकी आणि वॉटर हीटर रिकामे करा, पाइपांत आरव्हीचं गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, भरा. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं. इंजिनात घालतात ते सहसा विषारी असतं, ते चुकूनही नको. प्यायचं पाणी कॅनमध्ये न्या, संडासातही कॅननेच ओता. पाइप धुवायचे ते थेट ॲरिझोनात पोचल्यावर.

रस्ताही उंची बघून निवडा. नकाशा बहुधा आय-40 दाखवेल, अल्बुकर्की आणि फ्लॅगस्टाफवरून. फ्लॅगस्टाफ जवळपास 7,000 फुटांवर आहे, क्वार्ट्झसाइट 900 फुटांच्याही खाली. आय-35 ने फोर्टवर्थ गाठा, पुढे आय-20 आणि आय-10 ने एल पासो, टूसॉन. मैल वाढतील, पण बर्फाळ घाट टळेल. नव्या गाडीवर हात बसायच्या आधी घाटात बर्फ भेटू नये, एवढंच मला वाटतं.

एप्रिलच्या मध्याला परतायचा बेत मात्र बदला. परवाना 15 एप्रिलला संपतो, वाळवंट तापू लागतं, पण मिनेसोटाच्या रात्री तेव्हाही गोठवणाऱ्या असतात. जुनेजाणते लोक लगेच उत्तरेला पळत नाहीत, आधी डोंगर चढतात. तुम्हीही ॲरिझोनातल्याच कॉटनवुडला या, साधारण 3,300 फुटांवर. तिथल्या डेड हॉर्स रँच स्टेट पार्कमध्ये वीज-पाण्याच्या जागा आहेत. एप्रिलअखेरचे दोन आठवडे तिथे काढून मेच्या पहिल्या पंधरवड्यात घराकडे वळा. तिथे मात्र बुकिंग लागतं. बुकिंग सुरू झालं की उशीर न करता जागा धरा.