एकाच दिवशी घेतलेले दोन फोन

प्रश्न : २०२३ च्या दिवाळीत मी आयफोन १५ घेतला, मुलाने त्याच दिवशी १५ प्रो. त्याच्या फोनवर अ‍ॅपल इंटेलिजन्स, म्हणजे अ‍ॅपलचे एआय, चालते, माझ्या नाही. सॉफ्टवेअर तर दोघांचे एकच दिसते. दुकानदार म्हणतो, "पुढच्या अपडेटला येईल, नाहीतर रॅम वाढवून देतो." काय करू?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, अपडेटची वाट बघू नका, आणि रॅम वाढवायला तर फोन त्याच्या हातातही देऊ नका. तुमच्या फोनची रॅम प्रोसेसरच्या डोक्यावर चिकटून बसलेली असते. सतरा वर्षं मी मायक्रोस्कोपखाली बोर्ड दुरुस्त करतोय, पण गिऱ्हाइकाच्या चालू फोनवर हा उद्योग करत नाही.

गोम मात्र रॅमचीच आहे. तुमच्याकडे ६ जीबी, मुलाकडे ८. हा आकडा ना खोक्यावर असतो, ना सेटिंग्जमध्ये. घेताना सगळे विचारतात १२८ की २५६ जीबी. ते झालं कपाट, फोटो-फायली साठवायची जागा. रॅम म्हणजे माझं कामाचं टेबल. त्यावर चार फोन उघडे मावतात, पाचवा आला की एकाला डब्यात घालावं लागतं. अ‍ॅपलचं फोनमध्येच चालणारं एआय मॉडेल सुमारे ३०० कोटी पॅरामीटरचं, म्हणजे तेवढे शिकलेले आकडे त्यात साठवलेले. आवळून बसवलं तरी जीबीभर जागा त्यालाच लागते. ते तुमच्या टेबलावर पसरलं, की पैसे भरताना ओटीपी बघायला मेसेजमध्ये जाऊन परत यावं, तर पान पहिल्यापासून सुरू!

प्रोसेसर कमी पडतो म्हणाल, तर तसं दिसत नाही. तुमच्या फोनच्या ए१६ प्रोसेसरमधलं न्यूरल इंजिन, म्हणजे एआयचं काम करणारा भाग, सेकंदाला सुमारे १७ लाख कोटी क्रिया करतं. २०२० च्या एम१ प्रोसेसरचं ११ लाख कोटी. तरी एम१ वाल्या आयपॅडला हे सगळं मिळालं, कारण त्यात ८ जीबी होती.

म्हणजे कारण खरं आहे. पण ७९,९०० रुपयांच्या फोनात ६ जीबीच घालायची, हे ठरवलं कुणी? त्या वर्षी तीस हजारांच्या आतल्या अँड्रॉइडमध्ये ८ जीबी सर्रास मिळत होती. आणि कंपन्यांचं 'जमत नाही' नेहमीच शेवटचं नसतं. मार्च २०२४ मध्ये गूगलने सांगितलं, की जेमिनी नॅनो, म्हणजे त्यांचं फोनमध्येच चालणारं एआय, त्यांच्याच पिक्सेल ८ फोनला मिळणार नाही, हार्डवेअरची अडचण आहे. ते ज्यात चालत होतं त्या पिक्सेल ८ प्रोचाच प्रोसेसर, रॅम तेवढी १२ ऐवजी ८. लोकांनी आरडाओरडा केला, महिन्याच्या आत शब्द फिरला आणि जूनमध्ये ते आलं, डेव्हलपर ऑप्शन्स नावाच्या आतल्या सेटिंगमध्ये दडवलेलं का होईना. तुमच्याकडे ६ च आहे, म्हणून तुम्हाला ती आशा मी दाखवत नाही.

आता तुमचं गेलं काय ते बघू. तुम्ही पत्र मराठीत लिहिलंत, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपही मराठीतच असणार. २०२५ च्या वसंतात अ‍ॅपल इंटेलिजन्सला भारतीय इंग्रजी आली, मराठी त्या यादीत नव्हती. मुलाला विचारा, गेल्या महिन्यात त्याने ते किती वेळा वापरलं. माझ्याकडे प्रो घेऊन येणाऱ्यांना मी हे विचारतो. बहुतेक जण फोटोतला मागचा माणूस पुसल्याचं सांगतात, आणि थांबतात.

सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदला. फोन बदलू नका.