कोयत्यासकट अण्णा लिही

प्रिय रानवेडी,

संगमेश्वर तालुक्यातल्या तुझ्या गावाबद्दल, अण्णांनी दाखवलेल्या झाडापाखरांबद्दल तू लिहितेस, दिवाळी अंकांत छापून येतं, वाचक अण्णांना ‘ऋषी’ म्हणतात. यंदा गणपतीत आत्याने विचारलं, “दादा दर वर्षी ऐनाचं कवळ तोडायचा, दाढ भाजायचा, ते गं कुठे लिहिलंस?” तेव्हापासून तुझी लेखणी अडली आहे. आपण खोटं लिहिलं का, आणि खरं लिहिलं तर थकलेल्या वडिलांना कमीपणा येईल का, असं तू विचारतेस.

खोटं लिहिलं नाहीस, अर्धं लिहिलंस. आणि जे गाळलंस तेच मला जास्त मोलाचं वाटतं.

कोकणातली भातशेती न पाहिलेल्यांसाठी सांगते. रोप टाकायची जागा, म्हणजे दाढ, पावसाआधी भाजतात. ऐन-किंजळ या झाडांच्या फांद्या, म्हणजे कवळ, तोडून वाळवायच्या, शेण, गवत, पालापाचोळा यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात पेटवायचं. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं, रोप उपटायला सोपं जातं. तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीवर घरादाराचं पोट भरणाऱ्याला ‘हे सोडून दे’ म्हणणं सोपं नाही. पण वर्षानुवर्षं ओरबाडलेला ऐन खुंटतो, हेही तितकंच खरं. तुझ्या अण्णांच्या हाताने हे दोन्ही घडलं आहे.

आता तुझ्याच पत्रातला मजकूर बघ. झाडावर चढले की अण्णा शेंड्याला कोयता लावत नसत. फांदीवर घरटं दिसलं तर ती फांदी सोडून देत. तू खालून “अजून एक राहिली!” म्हणून ओरडायचीस आणि वरून उत्तर यायचं, “असू दे, तिथं बिऱ्हाड आहे.” अगं, हे तू कंसात लिहिलंस! देवराईत चपला काढून जाणं, पडलेली काटकीसुद्धा घरी न आणणं, यावर तुझे लेखच्या लेख आहेत. तिथे निदान देवाचा धाक होता. शेंडा राखताना कुणाचा धाक नव्हता, आणि शेताला कवळ तर हवंच होतं. माणसाने आपली गरज कुठे थांबवावी, हे तू त्या ऐनाखाली उभी राहून शिकलीस असं मला वाटतं. कवळ तोडल्याची लाज अण्णांना वाटल्याचं तुझ्या पत्रात कुठेच नाही. ती तुला वाटली, शहरातल्या वाचकांपुढे.

आईबापाचं देणं पुढे कसं जातं, याचं मला फार आवडणारं उदाहरण रेचल कार्सन यांचं. अमेरिकेतल्या या लेखिकेला निसर्गाची गोडी आईने, मारिया यांनी लावली. घरात शिरलेला किडा त्या मारत नसत, उचलून बाहेर सोडत. मुलीची हस्तलिखितंही टाइप करून देत. १९५८ च्या डिसेंबरात आई गेली तेव्हा कार्सन कीटकनाशकांवरच्या पुस्तकात गुंतल्या होत्या. आईला या कामाबद्दल काय वाटायचं हे ठाऊक असल्यामुळे ते पुरं करायला मला मदत होईल, असं त्यांनी एका मैत्रिणीला कळवलं. १९६२ मध्ये ते पुस्तक आलं आणि कीटकनाशकं बनवणाऱ्या कंपन्या त्यांच्यावर तुटून पडल्या. घरातला किडा बाहेर सोडणाऱ्या बाईची मुलगी एवढ्या मोठ्या धंद्याशी भिडली. दाढ भाजू नये असं तुझं मत असेल तर तूही ते उघड लिही. त्यात अण्णांचा अपमान कसला?

मात्र ते हयात आहेत, तेव्हा आधी त्यांच्याजवळ जाऊन बस. “तुमच्यावर लिहू का?” असं विचारलंस तर “लिही की” म्हणून मोकळे होतील. कोयत्याबद्दल विचार. ऐनावर चढायला कुणी शिकवलं, शेंडा राखायचा हे कुणी सांगितलं, कुठलं झाड तोडल्याचं वाईट वाटलं. शेवटच्या प्रश्नाला ते गप्प बसले तर पुन्हा विचारू नकोस. लेख झाला की छापायला देण्याआधी त्यांना मोठ्याने वाचून दाखव, नजर अधू झाली आहे असं तू लिहिलंच आहेस. नाव, तारीख, झाड चुकलं असेल तर ते सांगतील. आणि एखादी गोष्ट काढ म्हणाले, तर कितीही चांगली उतरली असली तरी काढ.

तुझी,
मावशी