ईव्हीएम बंद करून पुन्हा कागदी मतपत्रिका आणाव्यात का? हाताने केलेली मोजणी जास्त भरवशाची असते का?

हाताने केलेली मोजणी भरवशाची असते असं ज्याला वाटतं, त्याने एकदा मोजणीच्या टेबलासमोर बसून यावं. मी बसलोय. २०१२ च्या मे महिन्यात, पंचायत निवडणुकीत, काकीचा मोजणी प्रतिनिधी म्हणून.

गोव्यात विधानसभेला मशीन आणि पंचायतीला मतपत्रिका, त्यामुळे दोन्हींची चव आम्हाला ठाऊक आहे. अख्खी विधानसभा निवडणूक मशीनवर घेणारं पहिलं राज्यही आमचंच, १९९९ साली. तेव्हा आमची आजी मत देऊन घरी आली ती तक्रार करतच, 'बटण दाबलं तर शिट्टी वाजली, मला वाटलं काही मोडलं.'

आता काकीचं. आमचा गाव अंत्रुज महालातला, म्हणजे फोंड्याकडचा. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून काकी उभी राहिली, म्हणजे तिला उभी केली. निशाणी छत्री. प्रचार सगळा तिच्या मुलाने केला. हा माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. मोजणीला आत बसायला मात्र मला पाठवलं, कारण मी 'शिकलेला'.

हॉलमधले पंखे बंद. चालू ठेवले तर मतपत्रिका उडतात. मे महिना, दारं लावलेली, समोरच्या क्लार्कच्या कोपरातून घाम टेबलावर ठिबकत होता आणि तो दर दोन मिनिटांनी रुमालाने टेबल पुसत होता. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, वर रबर. वॉर्ड केवढासा, चारशेच्या आतबाहेर मतं. शेवटी संशयाच्या नऊ मतपत्रिका बाजूला राहिल्या. एकीवर दोन शिक्के होते. एक छत्रीसमोर ठळक, दुसरा खालच्या बाईंच्या रकान्यात फिकट. अधिकाऱ्याने ती वर धरली, 'दोन शिक्के, बाद' म्हणाला, आणि आमच्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

काकी एका मताने पडली. फेरमोजणी केली, आकडा तोच.

चवथीला, म्हणजे गणपतीत, घरी एक निवृत्त मास्तर आले होते, जन्मभर निवडणूक ड्युट्या केलेले. त्यांना ही गोष्ट सांगितली तर त्यांनी पेन मागितलं आणि कागदावर तो मतदानाचा शिक्का काढून दाखवला. ती साधी फुली नसते. तिच्या टोकांचे बाण एकाच दिशेला वळलेले असतात. शाई ओली असताना मतपत्रिका दुमडली तर दुसऱ्या रकान्यात ठसा उमटतो, पण तो आरशातल्यासारखा उलटा, बाण विरुद्ध दिशेला. अधिकाऱ्याने तेच बघायचं असतं. फिकट आणि उलटा असेल तर तो दुमडीचा डाग, मत खऱ्या शिक्क्याचं. साधी फुली असती तर कशीही दुमडा, फुलीच दिसते, म्हणून तर हा शिक्का असा केलाय.

त्या मतपत्रिकेवर बाण कुठल्या बाजूला वळले होते? मी बघितलंच नाही. बघायचं असतं हेच माहीत नव्हतं. ते मत धरलं असतं तरी बरोबरीच झाली असती आणि मग चिठ्ठी टाकली असती, म्हणजे काकी जिंकलीच असती असं नाही. पण हे दादाला कोण समजावणार? दर चवथीला आरती संपली की त्याचा प्रश्न ठरलेला, 'तूं थंय कितें करतालो?' म्हणजे तू तिथे काय करत होतास?

आणि हाच दादा आता रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर 'मतपत्रिका परत आणा' टाकतो! अरे, तुझ्या आईला कागदानेच पाडलं ना? मशीनवर दोन शिक्के उमटत नाहीत, डाग पडत नाही, कुणाला मान डोलवावी लागत नाही. मशीन वाईट असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी बाद मतांचा गठ्ठा कधी हातात घेतलेला नाही.

तरी एक गोष्ट दादाच्या बाजूने सांगतो. १९६७ च्या जनमत कौलात आमच्या आजोबांनी फुलाला मत दिलं होतं, गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला. दोन पानं, म्हणजे गोवा वेगळा ठेवायची निशाणी, ३४,०२१ मतांनी जिंकली. आजोबा मरेपर्यंत पानांच्या नावाने बोटं मोडायचे, पण मोजणी खोटी होती असं त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. आज निकाल लागला की हरलेला माणूस आधी मशीनचं नाव घेतो. काकीच्या मोजणीत मला चूक करायला तरी जागा होती, मतपत्रिका माझ्या डोळ्यांसमोर होती. मशीनच्या मोजणीत प्रतिनिधीला नुसता आकडा दिसतो.

म्हणून माझं मत असं, मशीन ठेवा, पण व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या सगळ्या मोजा. काचेमागे सात सेकंद दिसून खाली पेटीत पडते ती चिठ्ठी. २०१७ ला चाळीसही मतदारसंघांत ती लावणारं पहिलं राज्य पुन्हा गोवाच. २०१९ पासून दर विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात, आणि आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा धरायचा असा नियम आहे. सगळ्या मोजा आणि मतपत्रिका परत आणा, या दोन्ही मागण्या सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळल्या. न्यायालयापुढे देशभराचा व्याप होता, तो मला कळतो. पण आमच्याकडे एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतच मतदार. २०२२ ला फोंडा ७७ मतांनी गेला, सांत आंद्रे ७६ मतांनी. अशा ठिकाणी सगळ्या चिठ्ठ्या मोजायला एक दिवस जास्त लागला तर कुणाचं काय बिघडतं?

हां, चिठ्ठ्या मोजणारीही माणसंच, घामेजलेल्या बोटांची. चुका तिथेही होणार, हे आधीच सांगायला हवं होतं. फक्त त्या चिठ्ठीवर शिक्का नसतो, छापलेलं नाव आणि निशाणी असते, त्यामुळे बाण बघत बसावं लागत नाही.

आणि तुम्ही स्वतः कधी प्रतिनिधी झालात तर मतदान सुरू व्हायच्या आधीच्या मॉक पोलला वेळेवर जा. निदान पन्नास मतं टाकून मशीन सगळ्यांसमोर तपासतात, आणि आमच्याकडचे निम्मे प्रतिनिधी तेव्हा पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघत घरीच असतात. संध्याकाळी १७-सी फॉर्मची, म्हणजे केंद्रावर एकूण किती मतं पडली त्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका, मोजणीच्या दिवशी मशीनवरचा एकूण आकडा त्याच्याशीच ताडायचा असतो. पंचायतीला बसलात तर बाणांची दिशा बघा.

दादा, तू हे वाचशील, मला माहीत आहे. मान मी डोलावली, कबूल. पण त्या दिवशी दुसऱ्या प्रतिनिधीचा पास तुझ्या नावावर होता आणि तू बाहेर फटाक्यांची माळ सोडवत बसला होतास.