वाचकांचे प्रश्न : गाडीत पाणी शिरते कुठून?

प्रश्न : माझी गाडी सात वर्षांची आहे. जोराचा पाऊस झाला की चालकाशेजारच्या आसनासमोर, पाय ठेवतो त्या जागी पाणी साचते. गॅरेजमध्ये पुढच्या काचेभोवती दोनदा सिलिकॉन भरून घेतले. महिनाभर बरे वाटले, मग पुन्हा तेच. आता कुबट वासही येतो. काच काढून नव्याने बसवून घ्यावी का?

उत्तर : एवढ्यात नको. तो महिना बहुधा कोरडा गेला असावा. गाडीच्या बाह्य भागावर पाणी पडूच नये अशी तिची रचना नसते. पडलेले पाणी ठरलेल्या वाटांनी खाली निघून जावे अशी असते. म्हणून पाणी आत आले की फट शोधण्याआधी या वाटा तपासाव्यात. त्या तुंबलेल्या असण्याची शक्यता काच गळण्याहून पुष्कळ अधिक असते, आणि त्या मोकळ्या करायला खर्चही जवळजवळ नसतो.

पहिली वाट वायपरच्या खाली, बॉनेट आणि काच यांच्या मधल्या पन्हळीत असते. तिथे पाला आणि माती साचून निचऱ्याची छिद्रे बंद झाली, की पाण्याची पातळी वाढत जाते आणि ब्लोअर ज्या तोंडातून बाहेरची हवा ओढतो त्याच तोंडातून ते थेट आत उतरते. आपल्या तक्रारीशी हे तंतोतंत जुळते. केबिन फिल्टर काढून पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. तो ओला असला किंवा त्यावर पाण्याचे डाग असले, तर शोध जवळपास संपला असे समजावे. मग पन्हळ हाताने साफ करून तीत तांब्याभर पाणी सावकाश ओतावे आणि ते गाडीखाली लगेच पडते का, हे पाहावे.

सनरूफ असेल तर दुसरा संशयित तोच. त्याची रबरी पट्टी सगळे पाणी अडवेल अशी अपेक्षाच नसते. झिरपलेले पाणी चौकटीभोवतीच्या पन्हळीत जमा होऊन कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांनी खाली जाते, आणि पुढच्या नळ्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात. कोपऱ्यात कपभर पाणी ओतून निचरा पाहता येतो. तुंबलेल्या नळीत जोराची हवा सोडण्याचा मोह टाळावा, कारण त्या दाबाने नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग आधी थेंबथेंब येणारे पाणी धारेने येते. लवचीक नायलॉनची दोरी हलकेच सरकवणे अधिक सुरक्षित असते.

तिसरी जागा दरवाजा. खिडकीच्या काचेला लागून पाणी दरवाजाच्या पोकळीत नेहमीच उतरते आणि खालच्या छिद्रांतून बाहेर पडते. आतल्या आच्छादनामागे या पाण्याला केबिनपासून दूर ठेवणारा एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेची यंत्रणा दुरुस्त करताना तो उचकटला गेला आणि नीट चिकटवला नाही, तर पाणी उंबऱ्यावरून कार्पेटखाली जाते. तो ब्यूटिल पट्टीने चिकटवावा. साधी चिकटपट्टी ओलाव्यात टिकत नाही.

या तिन्ही जागा निर्दोष निघाल्या तरच नळीने पाणी सोडून परीक्षा घ्यावी. त्यासाठी दोन माणसे लागतात : एक बाहेर नळी धरून, दुसरा आत विजेरी घेऊन. आतील संशयित भाग आधी पूर्ण कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, म्हणजे पाण्याचा ओघळ कुठून आला ते रेषेसारखे दिसते. नळीची धार मंद ठेवावी, सुरुवात खालून करावी आणि एका जागी काही मिनिटे थांबूनच वर सरकावे. आधी छतावर पाणी सोडले, तर ते सगळीकडे ओघळते आणि काहीच सिद्ध होत नाही. दाबाने धुण्याचे यंत्र वापरू नये, कारण पाऊस जिथे कधी जात नाही तिथेही ते पाणी घुसवते.

काचच गळते असे दिसले, तर काम काच बसवणाऱ्या जाणकाराकडे द्यावे. ही काच पॉलियुरेथेन गोंदाने बसवतात आणि गाडीच्या मजबुतीत तिचा वाटा असतो. सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागी हा गोंद धरत नाही, त्यामुळे आपण दोनदा भरलेले सिलिकॉन आधी पूर्ण खरवडून काढावे लागेल.

वासाविषयी : कार्पेट वरून कोरडे लागले तरी खालचा जाड फोम बरेच पाणी धरून ठेवतो. तो उचलून, खाली हवा खेळती ठेवून वाळवल्याखेरीज वास जाणार नाही, आणि खालच्या वायरींचे जोड गंजतील ते वेगळेच. त्यासाठी आसन काढावे लागल्यास बॅटरीची ऋण तार सोडून काही मिनिटे थांबावे. आसनाखालच्या पिवळ्या जोडण्या सहसा एअरबॅगच्या असतात. त्यांना माहितगारानेच हात लावावा.

प्रश्न : पाऊस नाही, गाडी धुतलेलीही नाही, तरी त्याच जागी ओल येते. असे का?

उत्तर : बोटाने पाहावे. पाणी स्वच्छ, बिनवासाचे असेल आणि एसी चालवल्यावरच येत असेल, तर एसीच्या निचऱ्याची नळी तुंबली आहे. अशा वेळी दमट दिवशी एसी चालू असतानाही गाडीखाली नेहमीचे थेंब दिसत नाहीत. ओल चिकट, रंगीत आणि गोडसर वासाची असेल, काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर ते हीटरच्या रेडिएटरमधून गळणारे कूलंट आहे. इंजिन थंड असताना त्याची पातळी तपासावी, ती घटत असेल तर गाडी चालवू नये. ते विषारी असल्याने मुलांना व पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे.

प्रश्न : डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचते. डिकीची रबरी पट्टी नवी घातली, उपयोग झाला नाही. तळाचे रबरी बूच काढून ठेवले तर चालेल का?

उत्तर : साचलेले पाणी काढण्यापुरते बूच काढावे, मग परत लावावे. ते उघडे ठेवल्यास चिखल आणि धुराड्याचा धूर आत येतो. पट्टी बदलण्यापूर्वी तपासायच्या जागा म्हणजे मागच्या दिव्यांची गॅस्केट, छतावरील अँटेनाचा पाया, बिजागऱ्यांजवळचे पत्र्याचे सांधे आणि बंपरमागे असलेली हवा बाहेर सोडणारी झाकणे. गाडीला मागून कधी धक्का बसला असेल, तर या झाकणांपासूनच सुरुवात करावी. मागचे आसन पाडून आतून विजेरीने पाहत असताना बाहेरच्याने एकेका जागी पाणी सोडावे. डिकी बंद करून आत कोणी बसणार असेल, तर किल्ली बाहेरच्याच्या हातात असू द्यावी. दिव्यापाशी ओघळ दिसल्यास दिवा काढून गॅस्केट बदलावे आणि नट एकसारखे आवळावेत. एकच नट जास्त आवळला, तर दुसऱ्या टोकाला फट पडते.