पेपरात बदनामी झालेला सेलिब्रिटी ब्रिटनमध्ये खटला हरला, तर आधीपेक्षा जास्त नुकसान कसं होतं? अब्रू तर गेलेलीच असते ना?

मी वकील नाही, पण लंडनची असली निकालपत्रं वाचायची मला खोड आहे. आपल्याकडे याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

हॉलिवूडचा नट जॉनी डेपचंच घ्या. 2018 साली 'द सन'ने त्याला बायकोला मारणारा म्हटलं. टॅब्लॉइडच ते, किती जणांच्या लक्षात राहिलं असतं? डेपने दावा लावला. छापलेलं खरं आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिथे छापणाऱ्यावर असते, त्यामुळे दावा लावणाऱ्याला आपलीच बाजू भक्कम वाटते. पण हा दिवाणी मामला. 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं पटवलं की भागतं. आणि 'आम्ही लिहिलं ते खरंच आहे' असा बचाव समोरच्याने घेतला की तुमचे मेसेज, तुमची दारू, तुमची भांडणं, सगळं चव्हाट्यावर. नोव्हेंबर 2020 मध्ये न्यायमूर्ती निकोल यांनी मारहाणीच्या 14 पैकी 12 प्रसंग सिद्ध झाल्याचं म्हटलं. म्हणजे जे पेपरवाल्यांचं म्हणणं होतं, त्यावर कोर्टाचा शिक्का बसला! चारच दिवसांत डेपने 'फँटॅस्टिक बीस्ट्स' ही सिनेमालिका सोडत असल्याचं जाहीर केलं, निर्मात्या वॉर्नर ब्रदर्सने तसं सांगितलं म्हणून. 2022 मध्ये त्याच्या त्या बायकोविरुद्धच्या वेगळ्या दाव्यात अमेरिकेतल्या ज्युरीने बराचसा कौल त्याच्या बाजूने दिला, तरी लंडनचा निकाल जागच्या जागी आहे.

रिबेका वार्डीची गोष्ट तर निव्वळ तमाशा. आपल्या खासगी बातम्या 'सन'ला कोण पुरवतं हे शोधायला कोलीन रूनीने इन्स्टाग्रामवर खोट्या गोष्टी टाकल्या, त्या एकाच अकाउंटला दिसतील अशा, आणि 2019 मध्ये ते अकाउंट वार्डीचं असल्याचं जाहीर केलं. दोघी फुटबॉलपटूंच्या बायका. वार्डी कोर्टात गेली. ज्यातले मेसेज पुरावा ठरले असते, तो तिच्या एजंटचा फोन म्हणे उत्तर समुद्रात पडला. न्यायमूर्तींना काही ते पटलं नाही. 2022 मध्ये ती हरली, वर रूनीच्या खर्चाचा 90 टक्के भारही तिच्यावरच आला. तो आकडा 10 लाख पौंडांच्या पुढे गेला.

जुनं उदाहरण लेखक ऑस्कर वाइल्डचं. 1895 मध्ये त्याने स्वतःहून बदनामीची फिर्याद केली, विरुद्ध बाजूचा वकील एडवर्ड कार्सनने उलटतपासणीत त्याला सोलून काढलं, आणि दोन महिन्यांच्या आत वाइल्डच समलिंगी संबंधांच्या, तेव्हा गुन्हा असलेल्या, आरोपाखाली तुरुंगात गेला.

हाच कार्सन 1919 मध्ये आपल्या टिळकांसमोर उभा होता. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने पुस्तकात टिळकांच्या लिखाणाचा संबंध राजकीय खुनांशी लावला, म्हणून त्यांनी लंडनमध्ये दावा लावला होता. ज्युरी इंग्रज, निकाल चिरोलच्या बाजूने. खर्चाने टिळकांचं कंबरडं मोडलं, लोकांनी वर्गणी काढून निधी उभा केला. अब्रूचं म्हणाल तर चिरोलने त्याच पुस्तकात त्यांना 'असंतोषाचे जनक' म्हटलं होतं, आणि आपण ते आजही त्यांच्या फोटोखाली अभिमानाने छापतो.